वारा कोणाच्या मालकीचा?

इ.स. ११९१च्या सुमारास पूर्व इंग्लंडातल्या बरी सेंट एडमंड्स या गावाबाहेर हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्यानं पवनचक्की उभारली. युरोपात पवनचक्क्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या. लेखी नोंद असलेल्या अगदी सुरुवातीच्या चक्क्यांपैकी ही एक. गावच्या मठाचा अधिपती सॅमसन याच्या कानावर बातमी गेली आणि त्याचं पित्त असं खवळलं की त्या दिवशी त्याला धड जेवता येईना की बोलता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना आटोपताच त्यानं सुतार पाठवून चक्की पाडून टाकायचा हुकूम सोडला. हर्बर्ट धावत आला. वारा सगळ्यांचाच असतो, त्यावर बंदी कशी घालणार, आणि मी काही लोकांचं दळण घेणार नाही, घरचंच धान्य दळेन, असं तो काकुळतीनं सांगू लागला. सॅमसननं उलट शपथच घातली, की चक्की जमीनदोस्त होईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. हर्बर्ट घाबरला. मुलाचा सल्ला ऐकून त्यानं आपल्याच माणसांकडून चक्की उतरवून घेतली. मठाचे सुतार पोहोचले तेव्हा तिथे पाडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

एवढं चिडायला झालं काय? गावानं मठाच्या चक्कीवर दळायचं आणि दळणावळ मठाला द्यायची, ही रीत होती. हर्बर्टची चक्की उभी राहिली असती तर गावातले व्यापारी-कारागीर तिकडे वळले असते, आणि ते कायद्यानं स्वतंत्र नागरिक असल्यामुळे त्यांना अडवणं मठाला जड गेलं असतं. सॅमसननं हे हर्बर्टला तोंडावर सांगितलं. वारा सगळ्यांचा असेल, पण ज्या जमिनीवरून तो वाहत होता ती मठाची होती.

हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो जोसेलिन नावाच्या एका मठवासी साधूमुळे. सॅमसन गादीवर बसल्यानंतर जोसेलिन सहा वर्षं त्याच्या दिमतीला होता, रात्रंदिवस सोबत. त्यानं ११७३ ते १२०२ या काळाची मठाची बखर लॅटिनमध्ये लिहून ठेवली. मध्ययुगातले मठवासी लेखक बहुधा चमत्कार, दानपत्रं आणि मृत्यूच्या तिथी लिहितात. जोसेलिननं मात्र भांडणं, कर्जं, कुजबुज आणि वरिष्ठांच्या खोडी लिहिल्या. १८४०मध्ये ही बखर छापली गेली आणि तीनच वर्षांनी थॉमस कार्लाईलनं तिच्या आधारे सॅमसनला आदर्श पुढारी म्हणून इंग्रजी वाचकांपुढे उभं केलं. त्या आदर्शाकडे आपण पुढे येऊच.

मठाचं मूळ एका खुनात आहे. पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड याला २० नोव्हेंबर ८६९ रोजी डेन हल्लेखोरांनी ठार मारलं. यापलीकडे खात्रीचं फार थोडं. शंभरेक वर्षांनी फ्लरीच्या मठातला विद्वान अ‍ॅबो यानं एडमंडची कथा लिहिली. त्याला ती आर्चबिशप डन्स्टननं सांगितली होती, डन्स्टननं तरुणपणी राजदरबारात एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकली होती, आणि तो म्हातारा स्वतःला एडमंडचा शस्त्रवाहक म्हणवत होता. कथेत राजाला झाडाला बांधून बाणांनी विंधतात, त्याचं मुंडकं छाटून झुडपात फेकतात. एक लांडगा ते राखत बसतो आणि शोधायला आलेल्यांना मुंडकंच हाक मारून आपली जागा दाखवतं. यातलं किती खरं मानायचं ते वाचकानं ठरवावं. मात्र नाण्यांची साक्ष खोटी नाही. ज्या डेन लोकांनी त्याला मारलं त्यांच्याच वसाहतीत पंचवीसेक वर्षांच्या आत ‘संत एडमंड’ असं नाव कोरलेली नाणी चालू लागली होती.

संताचा देह बेओड्रिक्सवर्थ नावाच्या खेड्यात आणून ठेवला गेला; हेच पुढचं बरी. १०२०मध्ये राजा कनूट यानं तिथल्या धर्मगुरूंच्या जागी बेनेडिक्टच्या नियमानं राहणारे साधू आणले. कनूट स्वतः डेन. त्याचा बाप स्वेन १०१४मध्ये अचानक मेला तेव्हा एडमंडनंच त्याला भाल्यानं मारलं अशी वदंता उठली होती. बापाला मारणाऱ्या संताला मुलानं मठ बांधून दिला! त्यात भक्ती होती तसा हिशेबही होता. नव्या राजाला जुनं वैर मिटवायचं होतं, आणि त्या मुलखात एडमंडच्या नावाइतकं वजन दुसऱ्या कशालाच नव्हतं.

संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात इटलीत मोंते कॅसिनो इथे घालून दिलेल्या नियमावलीत साधूनं स्वतःचं म्हणून काहीही बाळगायचं नाही, लिहायचा बोरूसुद्धा नाही. दिवसातून अनेकदा ठरल्या वेळी उपासना, मध्यरात्रीनंतर उठून आणखी एक. बाकीचा वेळ काम, वाचन आणि मौन. हा नियम एकेकट्या साधूला होता. मठानं किती बाळगावं याला बंधन नव्हतं, आणि बरीच्या मठानं ती मोकळीक पुरेपूर वापरली. १०४४च्या सुमारास एडवर्ड राजानं पश्चिम सफोकचे साडेआठ परगणे मठाच्या अधिकारात दिले. राजाचा अधिकारी तिथे पाऊल टाकू शकत नसे. न्यायनिवाडा, दंड, वसुली सगळं मठाधिपतीच्या हाती. पुढे नाणी पाडायचा हक्कही मिळाला. आपल्याकडच्या इनामाच्या सनदा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे इनामदार दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक संत होता. जमीन कागदोपत्री त्याच्याच नावावर, मठाधिपती त्याचा कारभारी.

१०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा बहुतेक इंग्रज मठांचे अधिपती संकटात आले. बरीचं नशीब असं की त्याच्या आधीच्याच वर्षी बाल्डविन नावाचा फ्रेंच साधू गादीवर बसला होता. तो एडवर्ड राजाचा वैद्य, आणि नव्या राजालाही वैद्य हवाच होता. बाल्डविननं तीस वर्षं कारभार केला आणि मठाच्या दारात नवं शहर वसवलं. १०८६च्या डूम्सडे पाहणीत त्याचा आकडा आहे: वीस वर्षांपूर्वी जिथे नांगर चालत होता तिथे आता ३४२ घरं. मठाची रोजची सेवा करणाऱ्यांची यादीही आहे, भटारी, बीअर गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, आचारी, द्वारपाल, मिळून ७५ माणसं. एवढी माणसं राबत असताना आत साधू मौन पाळत होते.

बाल्डविननंच नव्या चर्चचा पाया घातला. दगड बार्नॅकच्या खाणीतून आला. ती खाण पीटरबरोच्या मठाची. पण राजानं तिथल्या साधूंना बजावलं की बरीला दगड नेऊ द्या आणि वाटेत जकात घेऊ नका. १०९५मध्ये संताची शवपेटी नव्या वास्तूत हलवली गेली, बांधकाम मात्र पुढे कित्येक दशकं चालत राहिलं. वास्तू पुरी झाली तेव्हा चर्चची लांबी ५०५ फूट भरली आणि पश्चिमेकडचं तोंड सुमारे २४६ फूट रुंद. त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होई. याच मठासाठी ११३५च्या सुमारास मास्टर ह्यूगो नावाच्या चित्रकारानं एक भव्य बायबल रंगवलं. त्याच्या मनासारखं वासराचं कातडं आसपास मिळेना, म्हणून चर्मपत्र स्कॉटलंडच्या बाजूनं आणवलं अशी मठाची नोंद आहे. चित्रं त्यानं वेगळ्या चर्मपत्रावर रंगवून पानांवर चिकटवली. आज ते बायबल केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे.

पण या मठाचा खरा रस जोसेलिनच्या पानांत आहे. तो सुरुवात करतो तेव्हा म्हातारा अधिपती ह्यू गादीवर आहे आणि मठ कर्जात बुडालेला. चर्चचा कारभार पाहणाऱ्या विल्यमनं नॉरिचच्या बेनेडिक्ट नावाच्या ज्यू सावकाराकडून ४० मार्क, म्हणजे २७ पौंडांहून कमी, काढले. वेळेवर फेड झाली नाही, व्याज चढलं, नवं गहाणखत झालं, जुन्यावर नवं कर्ज, त्यावर आणखी एक खत. शेवटी इतर देणी धरून त्या एकट्या सावकाराचं येणं १२०० पौंडांवर गेलं. मठातल्या प्रत्येक अधिकाऱ्याकडे स्वतःचा शिक्का होता आणि जो तो आपापल्या शिक्क्यावर कर्ज काढत होता. ११८२मध्ये सॅमसन निवडून आला तेव्हा त्यानं पहिल्याच झटक्यात हे शिक्के गोळा केले. मग गावोगावच्या जमिनी, गोठे आणि खंड मोजून काढले, आणि कोणाचं किती देणं-घेणं याची वही बनवली. बारा वर्षांत कर्ज फिटलं.

सॅमसन कसा होता ते जोसेलिन जवळून सांगतो. वय ४७, डोक्यावर जवळजवळ टक्कल, तांबडी दाढी, जाड भुवया; चौदा वर्षांत सगळे केस पांढरेशुभ्र. फ्रेंच आणि लॅटिन उत्तम, पण लोकांसमोर प्रवचन करायचं तर नॉरफोकच्या गावरान इंग्रजीत. दूध-मधाचं गोड खाणं आवडीचं. जेरुसलेम सलादीनच्या हाती पडल्याची बातमी आली तेव्हा त्यानं मांस सोडलं, मात्र ताटात मांस वाढायला लावायचाच, म्हणजे उरलेलं गरिबांना जास्त जाईल. ही युक्ती मला त्याच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा आवडते.

गावाला मात्र वेगळाच सॅमसन दिसत असणार. मठाचा कोठारी गावाकडून काय काय वसूल करायचा याची जोसेलिननं दिलेली यादी वाचली की थक्क व्हायला होतं. रस्त्यावर साचलेलं शेणसुद्धा कोठाऱ्याच्या मालकीचं! ठरावीक जमिनी कसणाऱ्या मोजक्या कुळांनाच आपल्या दारापुढचं शेण गोळा करायची मुभा. मठासाठी दूरच्या पाणथळ मुलखातून वामेसारखे ईल मासे आणायची वेठ होती. पुष्कळदा माणसं एवढी रपेट करून रिकाम्या हातानं परतत, ज्याचा मठालाही उपयोग नव्हता, म्हणून पुढे तिच्याऐवजी तीस एकरांमागे वर्षाला एक पेनी घ्यायचं ठरलं. सुगीत मठाच्या शेतावर कापणीला जायचं, नाहीतर घरामागे एक पेनी भरायची. श्रीमंतांना हळूहळू सूट मिळत गेली आणि वसुली गरिबांच्या घरांवर आली. पैसे नसले की कोठाऱ्याची माणसं तिवई उचलत, भांडं उचलत, कधी घराचं दारच काढून नेत. तेव्हा म्हाताऱ्या बायका हातातल्या सूत कातायच्या काठ्या उगारून बाहेर येत आणि वसुलीवाल्यांचा शिव्यांनी उद्धार करत. मठाचं हसं होऊ लागलं. सॅमसननं अखेर गावाकडून वर्षाला एकरकमी वीस शिलिंग घेऊन हा तमाशा थांबवला.

आता कार्लाईलच्या आदर्शाची दुसरी बाजू. ज्यू कुटुंबं बरीत राहत होती. त्यांचा पैसा एके काळी मठाच्याच खजिन्यात सुरक्षित ठेवला जाई आणि लढाईच्या धामधुमीत त्यांच्या बायकामुलांना मठानं आसरा दिला होता. १८ मार्च ११९० रोजी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, जमावानं गावातल्या ५७ ज्यूंची कत्तल केली. त्यानंतर सॅमसननं काय करावं? वाचलेल्यांना गावातून हाकलून द्यायची परवानगी राजाकडून मिळवली. गावात जो राहील तो संत एडमंडचा माणूस असला पाहिजे, ज्यू राजाची माणसं, त्यांना इथे जागा नाही, असं त्याचं म्हणणं. हत्यारबंद पहाऱ्यात त्यांना बाहेर काढलं गेलं. जोसेलिन हे सॅमसनच्या पुण्यकृत्यांत मोजतो. ज्यांच्या पैशावर मठ चालला होता त्यांची ही परतफेड. पवनचक्की पाडण्यामागे जो विचार होता तोच इथेही दिसतो, की या जमिनीवर जे आहे ते आमचं, आणि जे आमचं नाही ते इथे नको.

११९८च्या ऑक्टोबरात एका रात्री संताच्या समाधीजवळ आग लागली. वेदी आणि समाधी यांच्यामध्ये लाकडी माच होता. त्यावर दोन मेणबत्त्या अखंड जळत आणि राखणदार एका मेणबत्तीच्या बुडख्यावर दुसरी कशीबशी चिकटवून कामचुकारपणा करत. माचाखाली जवसाचे तंतू, सूत, मेण अशी अडगळ. मेणबत्ती पडली, राखणदार झोपलेले. आग विझल्यावर त्याच रात्री सोनार बोलावून समाधीवरचे पत्रे सारखे करून घेतले गेले, म्हणजे सकाळी भाविकांना काही दिसू नये. पण बातमी फुटायची ती फुटलीच.

महिन्याभरानं सॅमसननं निवडक साधूंसह मध्यरात्री पेटी उघडली. वस्त्रांचे थर दूर सारले. मस्तक दोन्ही हातांत धरून तो कळवळून संताशी बोलला, डोळ्यांना हात लावला, ठळक नाकाला लावला, मग छाती, हात, बोटं. पायांची बोटंही मोजली. ज्यांची निवड झाली नव्हती त्यांच्यात जोसेलिन होता, म्हणून हे सगळं त्याला इतरांकडून कळलं. डिसचा जॉन नावाचा एक साधू मात्र सेवकांबरोबर वर छताच्या तुळयांत बसून सारं पाहत होता. वर्षभरातच नवा राजा जॉन दर्शनाला आला. मोठी देणगी मिळेल म्हणून मठ आशेवर होता. राजानं एक रेशमी वस्त्र वाहिलं, तेही त्याच्या माणसांनी मठाकडूनच उसनं घेतलेलं, आणि निघताना १३ पेन्स ठेवले. जोसेलिनचा संताप त्या आकड्यात मावलेला आहे. याच जॉनविरुद्ध १२१४मध्ये सरदारांनी बरीच्या वेदीपुढे शपथ घेतली आणि तिथून मॅग्ना कार्टाचा जन्म झाला, असं गाव अभिमानानं सांगतं. इतिहासकारांना मात्र त्याबद्दल शंका आहे.

गावाच्या मनात साचलेलं होतं ते १३२७मध्ये फुटलं. दुसऱ्या एडवर्डला पदच्युत केलं जात होतं, सत्ता डळमळली होती. गावकऱ्यांना आपला प्रमुख आपण निवडायचा होता, आपला शिक्का हवा होता. त्यांनी मठात घुसून खजिना लुटला, आणि पैशाइतक्याच आवडीनं सनदा आणि दस्तऐवज पळवले. अधिपती रिचर्ड ड्रॉटन याच्याकडून हवी तशी सनद लिहून घेतली. त्यानं ती नंतर नाकारली तेव्हा महाद्वार जाळलं. पुढच्या वर्षी काहीजणांनी त्याला पळवून समुद्रापार ब्राबांतमधल्या डीस्टला नेऊन लपवलं. तो परतला, बंड चिरडलं गेलं आणि नवं महाद्वार उभं राहिलं. ते आजही धडधाकट आहे. दर्शनी बाजूला कोरीव कोनाडे, त्यांत पूर्वी मूर्ती होत्या. आणि त्या मूर्तींच्या पाठीमागे बाण मारायच्या फटी. गावाबद्दल मठाचं मत काय झालं होतं ते वास्तुरचनेत इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

त्या फटींचा १३८१मध्ये उपयोग झाला नाही. शेतकऱ्यांच्या उठावात जॉन रॉ या पुढाऱ्याची माणसं बरीत आली. मठाचा उपाधिपती केंब्रिजचा जॉन आणि मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश, दोघंही बाहेर पळाले आणि दोघंही मारले गेले. दोघांची दोस्ती सर्वांना ठाऊक होती. म्हणून बाजारात खांबांवर त्यांची मुंडकी एकमेकांच्या कानाला लावली गेली, जशी काही दोघांची मसलत चालली आहे, मग तोंडाला तोंड. सर्वसाधारण माफी जाहीर झाली तेव्हा बरी गाव तिच्यातून वगळण्यात आलं.

पंधराव्या शतकात मठ मवाळ झाला, श्रीमंत होताच. जॉन लिडगेट हा इंग्रजी कवी इथलाच साधू. बालराजा सहावा हेन्री १४३३चा नाताळ ते पुढच्या वर्षीचा ईस्टर इथे मुक्कामाला होता तेव्हा त्याच्यासाठी लिडगेटनं एडमंडचं चरित्र पद्यात रचलं. १४३०-३१मध्ये पश्चिमेचा मनोरा ढासळला, १४६५मध्ये चर्चला आग लागली; दोन्ही वेळा बांधकाम पुन्हा झालं.

आठव्या हेन्रीनं मठ बुडवायला काढले तेव्हा आधी तपासनीस आले. १५३५च्या अहवालात त्यांनी बरीतल्या अवशेषांची चेष्टा करत यादी दिली: संत लॉरेन्सला ज्यांवर भाजलं ते निखारे, एडमंडची कापलेली नखं, कँटरबरीच्या टॉमसचा चाकू आणि बूट. अधिपतीला पत्ते आणि फासे आवडतात हेही नोंदवलं. १५३८मध्ये समाधी फोडणाऱ्यांनी वर कळवलं की ती मोडायला फार जड गेली. सोनं-चांदी ५००० मार्कांहून जास्त निघाली, शिवाय पाचूंनी मढवलेला क्रूस. संताच्या देहाचं काय झालं याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नाही. ४ नोव्हेंबर १५३९ रोजी शेवटचा अधिपती जॉन रीव्ह यानं मठ राजाच्या स्वाधीन केला. त्याला वर्षाला ५०० मार्कांचं घसघशीत निवृत्तिवेतन ठरलं होतं, पण पुढच्या मार्चमध्येच तो वारला.

गावाची गंमत अशी की मालक गेला तरी मोकळीक मिळाली नाही. मठाचे हक्क राजाकडे गेले. स्वतःची नगरसभा बरीला मिळाली ती १६०६मध्ये, पहिल्या जेम्सच्या सनदेनं. १३२७चे लोक जे मागत होते त्याला पावणेतीनशे वर्षं लागली. दगड मात्र लगेच मिळाले. छपराचं शिसं राजानं काढून नेलं आणि जागा १५६०मध्ये जॉन आयर नावाच्या गृहस्थाला सुमारे ४१३ पौंडांना विकली गेली. मध्ययुगीन भिंतीची रचना अशी असे: बाहेरून घडीव चुनखडी दगड आणि आत गारगोट्या व चुना यांचा भराव. गावानं घडीव दगड तेवढे सोलून आपल्या भिंतींना लावले. भराव कोणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तो राहिला. आज तिथल्या बागेत जे ओबडधोबड, गोट्यांनी खडबडलेले खांब उभे दिसतात ते या भिंतींचे गाभे आहेत. पश्चिमेचं ते २४६ फुटी तोंडही असंच सोलवटलेलं. त्याच्या कमानींत लोकांनी घरं बांधली. खिडक्या, पडदे, धुराडी, आणि त्यांच्या आजूबाजूला बाराव्या शतकातली भिंत. लोक अजूनही त्यांत राहतात. जगातल्या ऐतिहासिक अवशेषांत इतका बिनधास्त संसार मी दुसरीकडे पाहिल्याचं आठवत नाही.

मठाच्या आवारात १८३१मध्ये वनस्पती उद्यान आलं, तेच पुढे सार्वजनिक बाग झालं. मठाची दोन पॅरिश चर्चं, सेंट जेम्स आणि सेंट मेरी, गावाच्या उपयोगाची असल्यामुळे वाचली. सेंट जेम्सला १९१४मध्ये कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. आठव्या हेन्रीची बहीण, फ्रान्सची राणी मेरी, मठात पुरली होती. तिला सेंट मेरीत हलवण्यात आलं.

या भागात लहानाचा मोठा झालेला एक विद्वान होता, एम. आर. जेम्स. भुतांच्या कथांसाठी तो जास्त प्रसिद्ध आहे, पण हस्तलिखितांचा त्याचा अभ्यास थक्क करणारा. फ्रान्समधल्या दुए इथल्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात त्याला मठाधिपतींच्या थडग्यांची नेमकी ठिकाणं सापडली. त्या आधारे १९०२-०३च्या हिवाळ्यात सभागृहाच्या जागी खणलं, तर सांगितल्या जागी ओळीनं शवपेट्या निघाल्या. त्यांत सॅमसनही होता.

त्याच सुमारास १९०१मध्ये फ्रान्समधल्या तुलूझहून एडमंडच्या म्हणून काही अस्थी इंग्लंडला आल्या, लंडनच्या नव्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये स्थापनेसाठी. जेम्सनं आणि इतरांनी पुरावा तपासून आक्षेप घेतला. अस्थींची स्थापना राहिली आणि त्या अरंडेलला ठेवल्या गेल्या. अलीकडे एका इतिहासकारानं वेगळा तर्क मांडला आहे: १५३९च्या आसपास साधूंनीच देह गुपचूप आपल्या दफनभूमीत पुरला असावा. त्या दफनभूमीवर विसाव्या शतकात टेनिस कोर्टं आखली गेली होती. जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येते, त्यामुळे तिथे एक फावडं मारायचं तरी सरकारी परवानगी लागते.